सरदारगृहाचा जिना

आमच्या कुम्हारीला ज्ञानेश्वरी एक्स्प्रेस थांबत नाही. लोकल थांबतात, रायपूरला कामाला जाणारी माणसं त्यांतून चढतात-उतरतात. मोठ्या गाड्या फलाटावरचे कागद उडवत निघून जातात. ज्ञानेश्वरी कलकत्त्याच्या बाजूने येते आणि मुंबईत लोकमान्य टिळक टर्मिनसला जाऊन उभी राहते. माउलींच्या ग्रंथाचं नाव घेऊन निघालेली गाडी केसरीकारांच्या नावाच्या स्थानकात पोचते, आणि मधे कुठेतरी छत्तीसगडात, खारून नदीचा पूल ओलांडला की, आमच्या घरामागून जाते. मला हे फार आवडतं. इथे चार घरं सोडली तर मराठी कानावर पडत नाही. पण रुळांवरून मराठी जाते-येते.

दुर्गच्या फलाटावर घोषणा होते तेव्हा ती बाई 'तिलक' म्हणते. हिंदीत ळ नाही, तिचा काय दोष? बाबा मात्र दर वेळी पुटपुटायचे, "टिळक. ळ. ळ." बाकावर बसल्या बसल्या, कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू. चाळीसहून अधिक वर्षं छत्तीसगडात काढलेल्या माणसाने आपल्या ळ ची ही एवढी राखण केली होती.

बाबा वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडचे. भिलाईची पहिली ब्लास्ट फर्नेस 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली आणि त्यानंतर वर्षभरात बाबा एक वळकटी नि एक पत्र्याची पेटी घेऊन इथे उतरले. कारखान्यात ते रिगर होते. रिगर म्हणजे जड वस्तू हलवणारा माणूस. दहा टनांचा नग एका जागेवरून उचलायचा, हवेत फिरवायचा आणि दुसऱ्या जागी असा ठेवायचा की खाली ठेवलेला ग्लास हिंदकळू नये. त्यांच्या कामाची भाषा बंदरावरून आलेली, जुन्या खलाशांची. 'हाबेस' म्हटलं की वर, 'आरिया' म्हटलं की खाली. क्रेनच्या केबिनमधल्या माणसाला एवढ्या आवाजात शब्द कुठला ऐकू येणार, म्हणून हाताच्या खुणा. तळहात जमिनीकडे करून मनगट सावकाश खाली-खाली न्यायचं, म्हणजे आरिया, हळूहळू. घरी आई कणकेचा डबा फळीवरून काढायला लागली की बाबांचा हात आपोआप तसा हलायचा.

चौतीस वर्षं आम्ही कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहिलो. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात पेरूचं झाड. त्या झाडाचे पेरू आम्ही खाल्ले, त्याच्या फांदीला झोका बांधला. पण झाड कंपनीचंच. निवृत्तीनंतर क्वार्टर खाली करायचा कागद आला त्या दिवशी बाबा झाडाखाली खुर्ची टाकून बराच वेळ बसले होते. मग कुम्हारीत जागा घेतली, कारण रायपूरपेक्षा स्वस्त आणि भिलाई हाकेवर. कुंभारांच्या नावाचं गाव, आणि पहिल्यांदाच आमच्या नावाची भिंत.

हे सगळं आधी सांगायचं कारण, मला एका हॉटेलाबद्दल लिहायचं आहे, आणि स्वतःच्या नसलेल्या घरात राहणं म्हणजे काय, हे मी हॉटेलातून नाही, क्वार्टरमधून शिकलो.

इथे कुम्हारीत हॉटेल म्हणजे हमरस्त्याच्या कडेची जागा. मोठ्या कढईत समोसे, शेजारच्या चुलीवर चहा, सकाळी पोहे-जिलेबी. राहण्याचा त्याच्याशी संबंध नाही. आपल्या मराठीतही हॉटेल म्हणजे आधी खाणं. मुक्काम करायचा तर लॉज. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईला कामानिमित्त येणाऱ्या मराठी माणसासमोर प्रश्न असा होता की उतरायचं कुठे आणि जेवायचं कुणाकडे. तीर्थक्षेत्री गेलं तर बडव्यांचं, उपाध्यांचं घर असायचं. प्रवासात धर्मशाळा. मुंबईत नातलग असेल तर त्याच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात पाहुणा म्हणून अंग चोरून राहायचं. ज्याला महिना-पंधरा दिवस राहायचंय, ज्याला भेटायला माणसं येणार आहेत, कागदपत्रं पसरून बसायचंय, त्याने काय करावं? आणि जेवणाखाण्याची शिवाशिव हा तेव्हा केवढा प्रश्न होता! 14 ऑक्टोबर 1890 ला पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही मंडळी व्याख्यानाला गेली, तिथे त्यांच्यापुढे चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी नुसता पेला पुढे ओढला. नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि त्यावरून जे ग्रामण्य माजलं ते पार शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानडे होते त्यांत, आणि टिळकही. टिळकांनी प्रायश्चित्त घेतलं. एका पेल्याची ही कथा. ज्या समाजात चहाच्या कपावरून माणूस वाळीत पडू शकतो, तिथे कुणा परक्याच्या हातचं दोन वेळा जेवायचं नि परक्याच्या छपराखाली झोपायचं, ही केवढी तरी मोठी उडी होती. म्हणून मराठी माणसाने काढलेल्या अशा जागांची नावं बघा: गृह, भुवन, आश्रम. दारातच आश्वासन की बाबा रे, हे घरच आहे.

सरदारगृह हे त्यांतलं एक. क्रॉफर्ड मार्केटसमोर, एकोणिसावं शतक संपता संपता उभं राहिलेलं. पुण्याच्या गाडीने बोरीबंदरला उतरावं आणि चालत दहा-पंधरा मिनिटांत पोचावं अशी जागा. हायकोर्ट फार लांब नाही. टिळक मुंबईला आले की इथेच उतरायचे.

मुंबईत तेव्हा मोठी हॉटेलं नव्हती असं नाही. काळ्या घोड्याजवळ वॉटसनचं एस्प्लनेड हॉटेल होतं. ते मी बाहेरून पाहिलं आहे, आणि भिलाईच्या माणसाला ते पाहताना वेगळंच वाटतं, कारण त्या इमारतीचा सांगाडा अख्खा लोखंडी आहे. तिथे इंग्लंडात खांब-तुळया ओतल्या, जहाजाने मुंबईला आणल्या आणि इथे जोडल्या. 1871 मध्ये ते सुरू झालं. 7 जुलै 1896 ला ल्युमिएर बंधूंचा सिनेमा हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवला गेला तो तिथेच. पण ते युरोपियनांचं हॉटेल. जमशेटजी टाटांचं ताज 1903 च्या डिसेंबरात उघडलं. (टाटांवरून आठवलं. त्याच सुमारास टाटांची माणसं लोखंडाचा शोध घेत नागपूरला आली, तिथल्या संग्रहालयातल्या नकाशात त्यांना दुर्ग जिल्ह्यातल्या खनिजाच्या खुणा दिसल्या आणि दोराबजी टाटा आमच्या दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांपर्यंत जाऊन आले. कारखाना शेवटी जमशेदपूरला झाला. ते डोंगर पन्नास-एक वर्षं थांबले आणि मग भिलाईच्या पोटात गेले. बाबांनी आयुष्यभर जे लोखंड उचललं ते त्याच डोंगरांचं.)

वॉटसनला कारंजी असतील, ताजला घुमट आहे. सरदारगृहाची ख्याती वास्तूमुळे नाही. माझ्यासारख्याने वाचलेल्या इतिहासात ते पहिल्यांदा येतं ते एका अटकेच्या निमित्ताने.

1908 चा जून. 'काळ'कर्ते शिवरामपंत परांजपे यांना राजद्रोहाखाली पकडलं होतं आणि त्यांच्या बचावाच्या खटपटीसाठी टिळक मुंबईत आले होते. उतरले नेहमीच्या जागी. दुसऱ्याच्या खटल्याची कागदपत्रं बघत असताना, 24 जूनला, पोलीस सरदारगृहात आले आणि टिळकांनाच घेऊन गेले. केसरीतले दोन अग्रलेख सरकारला खुपले होते: 12 मेचा 'देशाचे दुर्दैव' आणि 9 जूनचा 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. पोलीस आयुक्तांची कचेरी तर सरदारगृहापासून हाकेच्या अंतरावर. पोलिसांना किती पावलं चालावी लागली असतील!

पुढचं मराठी वाचकाला ठाऊक आहे. 13 जुलैला हायकोर्टात खटला उभा राहिला, 22 जुलैच्या रात्री निकाल लागला. नऊ ज्युरर, त्यांतल्या सातांनी दोषी म्हटलं, दोघांनी निर्दोष. न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस असं मोजून सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. मला त्या सगळ्यात त्या खोलीचं काय झालं असेल हे राहून राहून वाटतं. पसरलेले कागद, खुंटीला उपरणं, पुणेरी जोडा, अर्धवट लिहिलेलं पत्र. गिऱ्हाईक पोलिसांबरोबर गेलं म्हणून व्यवस्थापकाने खोलीला कुलूप लावलं असेल का? पुढच्या पाहुण्याला ती दिली असेल का? दिली असणारच. हॉटेलाला खोली रिकामी ठेवून चालत नाही.

त्या अटकेचा धक्का आमच्या मुलखापर्यंत आला. माधवराव सप्रे हे नाव महाराष्ट्रात कमी जणांना ठाऊक असेल. इथे रायपुरात त्यांच्या नावाची शाळा आहे, तिच्या मैदानावरून लोक रोज जातात. दमोहकडे जन्मलेला हा मराठी घरातला माणूस. 1900 मध्ये पेंड्र्यासारख्या आडगावातून त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' नावाचं हिंदी मासिक काढलं. 1907 मध्ये नागपुराहून 'हिंदी केसरी' सुरू केला, टिळकांचं म्हणणं हिंदी माणसापर्यंत पोचवण्यासाठी. टिळकांच्या पाठोपाठ ऑगस्ट 1908 मध्ये सप्र्यांनाही अटक झाली. घरच्या माणसांच्या काळजीपोटी त्यांनी माफी लिहून दिली आणि ते सुटले. पण ती सही त्यांना आतून खात राहिली. पुढे टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या 'गीतारहस्या'चा त्यांनी हिंदी अनुवाद केला, दासबोधही हिंदीत नेला. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. मोडल्यावर माणूस परत कामाला कसा लागतो, ते सप्र्यांकडे पाहून कळतं. आणि टिळकांचा ळ हिंदीत नेताना त्यांनाही अडचण आली असेल.

मंडालेहून टिळक 1914 च्या जूनमध्ये परत आले. पत्नी सत्यभामाबाई 1912 मध्ये, ते तिकडे असतानाच गेल्या होत्या. पुण्याला गायकवाडवाडा होता, तो त्यांचा स्वतःचा. पण हिशोब मांडला तर या माणसाच्या उत्तरायुष्यातली किती वर्षं स्वतःच्या छपराखाली गेली? सहा वर्षं मंडाले. मग 1918 पासून वर्षाहून अधिक काळ विलायत, चिरोलवरच्या खटल्यासाठी. लंडनच्या हाउली प्लेसमध्ये ते राहत होते त्या घरावर आज पाटी आहे. आणि मुंबईला यावं तेव्हा सरदारगृह. ज्याला लोकमान्य म्हणायचं त्याला घर कमीच मिळतं.

1920 च्या जुलैत ते पुन्हा मुंबईला आले. ताईमहाराज प्रकरणाचं काम होतं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पाठीमागे लागलेलं. महिना पावसाचा. एके दिवशी दिवाण चमनलाल यांच्याबरोबर मोटारीतून फिरायला गेले, गार वारं लागलं, आल्यावर ताप भरला. आधी हिवताप वाटला, मग छातीत उतरला. 23 जुलैला त्यांना चौसष्ट वर्षं पूर्ण झाली ती याच मुक्कामात. हॉटेलच्या खोलीतला वाढदिवस. पुढचे आठ-नऊ दिवस बाहेर रस्त्यावर माणसं वाढत गेली. 1 ऑगस्टला, मध्यरात्र उलटून चाळीस मिनिटं झाली तेव्हा, ते गेले.

मी या जागी नेहमी थांबतो, कारण याच्या पुढे जे झालं ते हॉटेल होतं म्हणूनच झालं असं माझं मत आहे. पुण्यात, वाड्यात देहावसान झालं असतं तर पुणं लोटलं असतं, पण वाड्याला दिंडी दरवाजा असतो, आत कुणाला सोडायचं ते ठरवणारी घरची माणसं असतात, सोवळं-ओवळं असतं. हॉटेल रस्त्यावर उघडतं. पार्थिव सकाळपासून सज्जात ठेवलं, खालून जाणाऱ्याने मान वर करावी आणि दर्शन घ्यावं. हमाल, गिरणीतला साचेवाला, मार्केटातला भाजीवाला, पारशी, बोहरी, कोण कुठला हे कुणी विचारलं नाही. पाऊस कोसळत होता. पुण्याहून माणसं गाडीने आली. मुंबई भरून आली. अंदाज दोन लाखांचा सांगतात.

दुपारी पार्थिव खाली आणलं, पद्मासनात बसवलेलं. गांधीजींनी खांदा दिला, शौकत अलींनी दिला. गांधीजीही त्या वेळी मुंबईत मणिभवनात, म्हणजे मित्राच्या घरी पाहुणेच. ज्या दिवसापासून त्यांचं असहकाराचं आंदोलन सुरू व्हायचं होतं, तोच हा दिवस. एक पाहुणा निघाला आणि दुसऱ्या पाहुण्याने खांद्यावर ओझं घेतलं. चौपाटीवर दहन करायला खास परवानगी मिळवावी लागली. तिथे स्मशान नव्हतंच कधी. आज तिथे जो पुतळा आहे तो रघुनाथ कृष्ण फडक्यांनी घडवला. वसईचे हे शिल्पकार पुढे माळव्यात धारला जाऊन राहिले. मराठी माणसं अशी विखुरलेली असतात आणि कुठून कुठून कामाला येतात.

सरदारगृहासमोरच्या रस्त्याला आता लोकमान्य टिळक मार्ग म्हणतात, आणि समोरच्या क्रॉफर्ड मार्केटचं नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. 1869 सालचं ते बांधकाम, किपलिंगच्या वडिलांच्या हातची शिल्पं त्याच्या दारांवर. फुले आणि टिळक, हयातभर दोन बाजूंना उभे असलेले दोन पुणेकर, मुंबईत एका रस्त्यावर समोरासमोर आले आहेत. हे पाहून हसणारे असतील. मला 1882 आठवतं. कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांवर बदनामीचा खटला झाला तेव्हा जामिनासाठी दहा हजारांची सोय कुणी केली? फुल्यांच्या शब्दावर त्यांचे मित्र रामशेट उरवणे जामीन राहिले. पुढे टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस होते, आणि डोंगरी तर इथून जवळच. त्या रस्त्यावरची ती दोन नावं मला भांडणारी वाटत नाहीत.

आता माझ्या मुक्कामाचं सांगतो.

2003 च्या पावसाळ्यात बाबांना घेऊन मी मुंबईला गेलो. भिलाई-रायपूरकडची पुष्कळ माणसं मोठ्या दुखण्याला मुंबईचा रस्ता धरतात. आधी नागपूर, नागपूरचे डॉक्टर मान हलवतात, मग मुंबई. मोठ्या इस्पितळात आठवड्यातून दोन दिवस जायचं, बाकीचे दिवस वाट बघायची. आम्ही क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्लीत एका लॉजवर उतरलो. पहिल्या मजल्यावरची खोली, दोन खाटा, एक खिडकी, खिडकीतून समोरच्या गोदामाची पन्हळ दिसायची. पितळी किल्लीला लाकडाची चकती, चकतीवर खिळ्याने कोरलेला आकडा.

खाली गल्ल्यावर लांबलचक वही. नाव, वय, कुठून आलात, कुठे जाणार, येण्याचं कारण, आल्याची तारीख, गेल्याची तारीख, सही. 'कुठून आलात' मध्ये मी कुम्हारी लिहिलं. गल्ल्यावरच्या माणसाने वाचलं, आणि विचारलं, "हे कुठं आलं?" मी भिलाई म्हणालो, तेव्हा त्याला समजलं. 'कारण' या रकान्यात मी काही लिहिण्याआधी त्यानेच बाबांकडे एकवार पाहून 'औषधोपचार' लिहून टाकलं. त्या पानावर आमच्या वरचे पाच, सगळ्यांच्या पुढे तोच शब्द होता. जाण्याची तारीख रिकामी.

रात्री बाबा दचकून उठायचे. अंधारात हाताने भिंत चाचपायचे, दिव्याचं बटण शोधायचे, ते क्वार्टरमध्ये होतं त्या उंचीवर. एकदा म्हणाले, "हे कोणाचं घर होय?" मी म्हटलं, लॉज आहे बाबा, मुंबई. थोडा वेळ गप्प. मग, "भाडं देलं का?" दिलं म्हटल्यावर त्यांना झोप लागली. आजारी माणसाला स्वतःच्या नसलेल्या खोलीत एवढीच खात्री हवी असते की आपण कुणाचं काही लागत नाही.

त्या खोलीत मी टिळकांबद्दल खूप विचार केला. त्यांनाही रात्री ताप चढल्यावर वाटलं असेल का, ही भिंत कुठली? पुण्याची, मंडालेच्या लाकडी बराकीची, लंडनची? तापात माणूस शेवटी कुठल्या घरी जातो? आणि सरदारगृहाच्या वहीत त्या जुलैत काय लिहिलं असेल. येण्याचं कारण, कोर्टाचं काम. जाण्याची तारीख कुणी भरली असेल, आणि पुढे सही कुणाची?

सरदारगृह तिथून पाच मिनिटांवर होतं. मी तीनदा समोरच्या पदपथावर जाऊन उभा राहिलो. खाली दुकानं, हातगाड्या, माणसांचा लोंढा. वर बघायला कुणाला सवड नव्हती. एका हातगाडीवाल्याला विचारलं, हेच का सरदारगृह? तो म्हणाला, हो, काय पाहिजे? त्याला वाटलं मला घाऊक माल हवा आहे. वर जावं असं फार मनात होतं. पण बाबा खोलीवर एकटे होते, आणि मला वाटलं, उद्या जाऊ. ते उद्या राहून गेलं. याचं मला आजही वाईट वाटतं. ज्या खोलीला आपण तीर्थासारखं जपायला हवं होतं, जिच्यापाशी शाळेच्या सहली जायला हव्यात, तिच्या जिन्याच्या पायथ्याशी मी, टिळकांचं सगळं वाचलेला माणूस, तीन वेळा जाऊन परत आलो. सिंहगडावर जातो तसे आपण तिथे का जात नाही? चौपाटीचा पुतळा सगळ्यांना ठाऊक, गायकवाडवाडा ठाऊक, आणि ज्या जागी दोन लाख माणसं माना वर करून उभी होती ती जागा घाऊक बाजारात हरवलेली.

इस्पितळाने शेवटी सांगितलं की घरी न्या. बाबा त्याच वर्षी पौषात गेले, कुम्हारीच्या घरात, खिडकीजवळच्या खाटेवर. खिडकीतून रूळ दिसतात. स्वतःची भिंत, आणि बटण त्यांनी स्वतः सांगितलेल्या उंचीवर.

पण मला सांगायचं आहे ते त्याआधीचं, परतीच्या संध्याकाळचं. हावडा मेल रात्रीची होती. मी काळी-पिवळी केली, पेटी मागे टाकली, बाबांना पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं. पाऊस होता, लोकमान्य टिळक मार्गावर गाड्या खोळंबल्या होत्या. आमची टॅक्सी नेमकी सरदारगृहासमोर अडकली. मी मागून म्हटलं, "बाबा, हे सरदारगृह. टिळक इथे गेले."

बाबांनी काच खाली केली. पावसाचे थेंब आत येऊ लागले तसा ड्रायव्हर काही बोलणार होता, पण बोलला नाही. बाबांनी मान बाहेर काढून खालपासून वरपर्यंत पाहिलं. वरच्या सज्जावर बराच वेळ नजर ठेवली. मला वाटलं ते हात जोडतील. त्यांनी विचारलं, "वरतीच होते ना?"

"हो, वर."

"मंग खाली कसं आणलं असन?"

मी म्हटलं, जिन्यानेच, दुसरं काय.

"बसून होते मनतोस ना, निजून नाई?"

"हो. पद्मासनात."

बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. पुढची गाडी सरकली, आमची सरकली नाही. ते इमारतीकडे बघत होते, पण मला दिसत होतं की त्यांना आता भिंत दिसत नाहीये. त्यांना आतला जिना दिसत होता. त्याच्या पायऱ्या, त्याची रुंदी, त्याची वळणं. "बसलेला माणूस जिन्यावरून उतरवनं लय अवघड," ते म्हणाले. "वळनावर वजन एका अंगाला जाते. खालच्याच्या खांद्यावर सारं येते. वरच्यानं धरून ठेवा लागते, सोडलं का गेलं. आन पावसाचे दिवस, पायऱ्या ओल्या."

मागून हॉर्न वाजायला लागले. ड्रायव्हरने गिअर टाकला. बाबांचा उजवा हात खिडकीच्या कडेवर होता, पावसात भिजत. तो वर उठला, तळहात जमिनीकडे झाला, आणि मनगट सावकाश खाली-खाली जाऊ लागलं, वळणाशी क्षणभर थांबून पुन्हा खाली, अगदी सावकाश. ओठ हलत होते. टॅक्सी पुढे निघाली तरी त्यांचा हात थांबला नव्हता.